हगवण आधी कुणाच्या दारात येते?

ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस महाराज बाड्यावर गेल्यावाचून परतत नाही. 'बाडा' म्हणजे आपला वाडाच. तिकडच्या जिभेवर 'व'चा 'ब' झाला, इतकेच. शिंदे सरकारच्या गोरखी वाड्याजवळचा हा मोठा चौक. भोवती टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट अशा जुन्या धाटणीच्या इमारती, मध्ये जिवाजीराव शिंदे यांचा पुतळा, आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी. शहराच्या ज्या भागात हा चौक आहे त्याचे नाव 'लष्कर'. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. तंबूंची घरे झाली, घरांचे शहर झाले. नाव मात्र लष्करच राहिले.

शेती व आरोग्याच्या पानावर ही इतिहासाची गोष्ट कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की, ज्या दुखण्याविषयी आज आम्ही लिहिणार आहोत, त्याने याच मुलुखात एकदा एका मोठ्या फौजेला गुडघे टेकायला लावले होते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दौलतरावांनी इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह केला. त्यांच्यावर दडपण आणण्यासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज मोठी फौज घेऊन बुंदेलखंडातील सिंध नदीच्या बाजूला येऊन राहिला होता. तह झाला, लढाई टळली. पण त्याच आठवड्यात त्याच्या छावणीत पटकी शिरली. बंगालमध्ये जेसोरला त्या वर्षीच्या ऑगस्टात भडकलेली ही साथ माणसांबरोबर चालत तेथवर आली होती. शिपाई, बाजारबुणगे, हमाल, बैलवाले असे हजारो लोक काही दिवसांत गेले. चालता चालता माणसे रस्त्यावर कोसळत. आपण मेलो तर शत्रूला कळू नये म्हणून आपल्याला तंबूतच गुपचूप पुरावे, असे खुद्द हेस्टिंग्जने सांगून ठेवले होते असे म्हणतात. शेवटी फौजेने तो तळ सोडला आणि बेतवा नदीकाठी एरिच येथे उंच, कोरड्या जागेवर मुक्काम हलवला. तेथे साथ ओसरली. पुढल्या वर्षी, १८१८ मध्ये, तीच साथ दख्खनमार्गे मुंबईपर्यंत पोचली.

त्या वेळी वैद्य आणि डॉक्टर दोघेही हवेला दोष देत होते. आज आपल्याला ठाऊक आहे की दोष हवेचा नव्हता. हजारो माणसे एका जागी राहिली, त्यांच्या विष्ठेची सोय नव्हती, आणि पिण्याचे पाणी त्याच जमिनीवरून वाहून येत होते.

आपल्या भाषेला हे दुखणे फार जुन्या काळापासून माहीत आहे. पटकी, महामारी, जरीमरी, मोडशी ही सारी नावे आजी-आजोबांच्या तोंडी असत. गोव्यात १५४३ साली आलेल्या साथीचे वर्णन गास्पर कोरिया या पोर्तुगीज लेखकाने करून ठेवले आहे, आणि पोर्तुगीजांनी त्या रोगाला दिलेले नाव आपल्या 'मोडशी'वरूनच घेतलेले होते. पटकी हा हगवणीचा सर्वांत उग्र प्रकार. परंतु आज आपल्या घरांतून मुले आजारी पडतात ती बहुधा पटकीने नव्हे, साध्या दिसणाऱ्या हगवणीने. म्हणून ती कोणाला गाठते, का गाठते, आणि आपण तिची वाट कोठे अडवू शकतो, याचा विचार करू या.

हगवण कशाला म्हणावे?

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे पातळ शौचास झाले म्हणजे हगवण लागली असे समजावे. ती चौदा दिवसांच्या आत थांबली तर तिला तीव्र हगवण म्हणतात. त्यापुढे लांबली तर ती रेंगाळलेली हगवण. आईच्या दुधावरचे तान्हे बाळ दिवसातून पाच-सहा वेळा मऊ, पिवळसर शी करते. ती हगवण नव्हे. त्यासाठी दूध तोडू नये. मात्र शौचातून रक्त किंवा आव पडू लागली तर तो हगवणीचा वेगळा प्रकार आहे आणि त्याला डॉक्टरांचाच इलाज हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार मुले आजही दरवर्षी हगवणीने दगावतात. ती जुलाबाने नव्हे, तर अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने दगावतात. १० किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून १ लिटर पाणी गेले की त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. मोठ्या माणसाला १ लिटर म्हणजे काहीच वाटत नाही. लेकराला तेवढ्यात मरण येऊ शकते.

धोका कोणाला, आणि कशामुळे?

रोगजंतू सर्वत्र आहेत. तरीही एका घरातले मूल वर्षातून चार वेळा आजारी पडते आणि शेजारच्या घरातले एकदाही पडत नाही. एकाच बांधावरची दोन शेते. एकात कीड पडते, दुसऱ्यात नाही. शेतकरी तेथे नशिबाला दोष देत बसत नाही. तो बियाणे, पाणी, खत, निंदणी सारे तपासतो. आपणही तसेच एकेक कारण तपासू.

१. वय. सर्वांत अधिक धोका सहा महिने ते दोन वर्षे या वयात असतो. आईकडून मिळालेले संरक्षण या सुमारास कमी होते, वरचे अन्न सुरू होते, आणि मूल रांगू लागते. जमिनीवरचे सारे काही ते तोंडात घालते. याच वयात त्याचे हात आणि त्याची वाटी दोन्ही जपायची असतात.

२. बाटलीचे दूध. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. पाणी नको, मध नको, घुटी नको. भर उन्हाळ्यातही नको, कारण आईच्या दुधात लागेल तेवढे पाणी असतेच. बाटलीच्या बुचात दुधाचा अंश राहतो, तेथे जंतू वाढतात, आणि कितीही धुतले तरी तो कोपरा नीट निघत नाही. अडचणीने वरचे दूध द्यावेच लागले तर वाटी-चमच्याने द्यावे.

३. अशक्तपणा आणि गोवर. हगवण मुलाला अशक्त करते आणि अशक्त मुलाला हगवण लवकर गाठते. हा फेरा मोडला नाही तर मूल दर खेपेस थोडे थोडे खचत जाते. गोवरातून उठलेल्या मुलाला तर हगवण हमखास छळते. कोलकात्यासह जगातील सात ठिकाणी झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम किंवा तीव्र हगवण झालेल्या मुलांना पुढच्या दोन महिन्यांत मरणाचा धोका इतर मुलांच्या सुमारे साडेआठ पट होता, असे त्यात आढळले. म्हणजे जुलाब थांबले की संकट टळले, असे मानून चालत नाही. त्यानंतरचे आठ आठवडे त्या मुलाला जास्त जपावे लागते.

४. पाणी. पाणी स्वच्छ आहे ना, हा प्रश्न आपण विहिरीपाशी विचारतो आणि घरी आल्यावर विसरतो. पुष्कळदा नळाचे किंवा बोअरचे पाणी चांगले असते, पण माठात हात बुडवून पेला भरला की ते नासते. माठाला तोटी असावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे असावे आणि ते जमिनीवर ठेवू नये. विहिरीला कठडा नसेल, भोवती ओटा नसेल, कपडे तेथेच धुतले जात असतील, तर पहिल्या पावसाबरोबर आवारातली सारी घाण आत उतरते.

५. हात. साबणाने हात धुण्याच्या सवयीने हगवणीचे प्रमाण सुमारे तीन-दशांशाने घटते असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. एवढे स्वस्त औषध दुसरे नाही. शौचाहून आल्यावर, मुलाची शी काढल्यावर, गोठ्यातून आल्यावर, स्वयंपाकाला बसण्यापूर्वी आणि मुलाला भरवण्यापूर्वी हात धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा मातीने नव्हे, साबणाने. वहिनीने हात धुतले आणि भाऊ शेतातून येऊन तसाच पोराला घास भरवू लागला, तर उपयोग काय?

६. मुलांची शी. लहान मुलाच्या विष्ठेत काय घाण असणार, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिच्यात मोठ्यांच्या विष्ठेइतकेच, कधी कधी अधिक जंतू असतात. ती अंगणात किंवा उकिरड्यावर न टाकता संडासात टाकावी. संडास असूनही तो फक्त पाहुण्यांसाठी ठेवून घरची माणसे बांधावर जात असतील, तर तो बांधला न बांधला सारखेच. शोषखड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून निदान ५० फूट दूर आणि उताराच्या बाजूला असावा. शेणखताच्या खड्ड्यालाही हाच नियम लावावा.

७. गोठा. हा मुद्दा शहरातल्या पत्रकांत सापडत नाही, म्हणून येथे थोडा सविस्तर सांगतो. वासरांना जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जी पातळ हगवण लागते, तिच्या कारणांपैकी क्रिप्टोस्पोरिडियम हा एक सूक्ष्म परजीवी आहे, आणि तो माणसालाही लागतो. वर सांगितलेल्या अभ्यासात तान्ह्या व रांगत्या मुलांच्या हगवणीच्या प्रमुख कारणांत तो निघाला. क्लोरीनने तो सहजी मरत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी या मोठ्या शहरात १९९३ मध्ये याच परजीवीने नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडले होते. उकळलेल्या पाण्यात मात्र तो टिकत नाही. तेव्हा वासरू ढाळत असेल तर त्याला वेगळे बांधावे, मुलांना तेथे खेळू देऊ नये, धार काढण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत, आणि घरात दोन वर्षांखालचे मूल असेल तर त्याचे पाणी उकळूनच द्यावे. कोंबड्याही स्वयंपाकघरात फिरू देऊ नयेत.

८. गर्दी आणि शिळे अन्न. लग्न, फेस्त, बारसे यांची जेवणे पहाटे शिजतात आणि दुपारी चारपर्यंत वाढली जातात. शिजवलेले मटण किंवा भात उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक काळ तसाच राहिला की त्यात जंतू भराभर वाढतात. बाजारच्या कापलेल्या फळांचे व सरबताच्या बर्फाचेही तसेच आहे. मग ते महाराज बाड्यावरचे असो की आपल्या आठवडी बाजारातले. गरम असेल ते गरम खावे, सोलायचे असेल ते स्वतः सोलावे.

गर्दीचा विषय निघाला म्हणून ऊसतोडीच्या तळाची आठवण द्यावीशी वाटते. दिवाळीनंतर आपल्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. पाचटाची छपरे, पाटाचे नाहीतर डबक्याचे पाणी, संडास नाही, आणि आई-बाप पहाटेपासून फडात, त्यामुळे रांगते मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर. १८१७ च्या छावणीत आणि या तळात फरक तो काय? ज्याच्या शेतात कोप्या पडतात, त्याने निदान पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा एक पिंप आणि चार आडोशाचे संडास करून द्यावेत. तो ऊस आपला आहे, तेव्हा त्या मुलांची थोडी जबाबदारीही आपलीच आहे.

९. ऋतू. पावसाच्या सुरुवातीला गढूळ पाणी आणि माश्या यांमुळे जंतूंची हगवण वाढते. थंडीच्या दिवसांत रोटा विषाणूची हगवण लहान मुलांत जास्त दिसते. तिच्यात आधी उलटी आणि ताप येतो. तिच्यावर लस आहे. ही लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे फुकट देतात. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दोन्ही चुकवू नयेत.

सर्वांत मोठा धोका : पाणी तोडणे

आता एक घरातली गोष्ट सांगतो. आमची एक धाकटी बहीण दीड वर्षाची असताना हगवणीने गेली. पावसाळ्याचे दिवस होते. आजी अनुभवी आणि प्रेमळ बाई. घरातली सारी बाळंतपणे तिच्या हातची. "वर पाणी घातले की खाली पाणी जाते," असे म्हणून तिने मुलीचे पाणी तोडले आणि दूधही बंद केले. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, रडताना टिपे येईनात. मुलगी ओठ चाटत होती, हे आमच्या आईला आयुष्यभर आठवत राहिले. आजीचा दोष नव्हता. तिच्या काळात सगळेच तसे करीत होते. पण आज ज्याला ही गोष्ट कळली, त्याने पुन्हा तसे केले तर मात्र दोष त्याचाच.

पाणी का द्यायचे ते समजून घ्या. पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात, हे कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. त्या विषामुळे आतडे पाणी शोषण्याऐवजी बाहेर टाकू लागते. नुसते पाणी दिले तर त्यातले फार थोडे अंगाला लागते. पण आतड्याचा एक दरवाजा त्या विषानेही बंद होत नाही. साखर आणि मीठ जोडीने आले की त्या दरवाजातून आत घेतले जातात, आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप ओढले जाते. मोटेला एकच बैल जुंपून पाणी येत नाही. जोडी जुंपली की येते, तसेच हे. म्हणूनच साखर, मीठ आणि पाणी तिन्ही एकत्र द्यायचे आणि तेही बरोबर प्रमाणात.

या ज्ञानाची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, रुग्ण जमिनीवर पडलेले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिले आणि रुग्णाला पाजत राहा असे सांगितले. जेथे शंभरातले तीस रुग्ण दगावत होते तेथे चारांहूनही कमी दगावू लागले. तीही छावणीच होती, आणि रोगही तोच. १८१७ मध्ये नव्हते ते एवढेच : साखर, मीठ आणि पाणी यांचे ज्ञान. डॉ. महालनबिस २०२२ मध्ये वारले. त्यांच्या त्या पिंपांनी किती घरांचे दिवे राखले याची मोजदाद नाही.

घरी काय करावे?

पहिल्या पातळ जुलाबापासूनच सुरुवात करावी. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घालावी. अर्धी पुडी, अर्धे पाणी असे करू नये. कालवलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर ओतून द्यावे. दुकानात मिळणारी रंगीत गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त असते आणि त्याने जुलाब वाढू शकतात.

पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये; ते लहान मुलाला घातक ठरते. चव घेऊन पाहावी : डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, आणि मोठ्यांना हवे तेवढे द्यावे. लहानाला चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. ओकले म्हणून बंद करू नये.

आईचे दूध चालूच ठेवावे. मोठ्या मुलाला मिठाची पेज, डाळीचे पाणी, ताक, मऊ भात, केळे द्यावे. उपास घडवू नये. बरे झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे.

झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम. जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पुऱ्या कराव्यात, कारण पुढचा हल्ला त्याने टळतो. जुलाब बंद करण्याची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये. घाण आतच कोंडते. उरलेली अँटिबायोटिकची बाटलीही कपाटातून काढू नये. साध्या हगवणीवर तिचा उपयोग नसतो.

दवाखान्यात केव्हा धावावे?

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर रात्र असो की पाऊस, थांबू नये. मूल सुस्त पडले, उठवून उठत नाही; डोळे खोल गेले; पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते; पाणी पिता येत नाही किंवा सारखे ओकते; सहा तासांत लघवी नाही; शौचात रक्त; जोराचा ताप; किंवा बाळ दोन महिन्यांखालचे आहे. मोठ्या माणसाला भाताच्या धुवणासारखे पांढरट जुलाब एकामागून एक होऊ लागले तर पटकीची शंका घ्यावी आणि आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवावे. वाटेतही ओआरएस पाजत राहावे.

विहिरीचा हिशेब

गावात साथ असेल तर विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. ती अंदाजाने टाकू नये. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, ३.१४ ने गुणावे आणि चाराने भागावे. जे येईल तितके हजार लिटर पाणी. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते. समजा, व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर. हिशेब येतो सुमारे ३७,७०० लिटर. पावडर सुमारे ९५ ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करावी, दहा मिनिटे निवू द्यावी, चुना खाली बसला की वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे, आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून चांगली हेलकावावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. निदान एक तास पाणी उपसू नये. रात्री टाकून सकाळी उपसणे सर्वांत सोईचे. साथ असेपर्यंत हे रोज करावे. पावडरीचा डबा घट्ट झाकून कोरड्या जागी ठेवावा, नाहीतर तिचा जोर उडून जातो.

हातपंपाविषयी एक शब्द. आज देशभर दिसणारा इंडिया मार्क दोन हा हातपंप १९७० नंतरच्या दशकात तयार झाला, आणि त्याचे मूळ आपल्याच मराठी मुलुखात आहे. दुष्काळात जालन्याला मिशनच्या लोकांनी बोअर खणून पंप बसवले; ते मोडत राहिले म्हणून त्यांनी आणि पुढे सोलापूरच्या कारखान्यात स्वीडिश मिशनरी ऑस्कर कार्लसन यांनी मजबूत पंप घडवले. सोलापूरच्या त्या पंपावरूनच पुढचा नमुना बनला. इतक्या कष्टाने आलेल्या पंपाचा ओटा फुटला, खाली डबके साचले आणि त्यात म्हशी बसल्या, तर तेच पाणी फटीतून पुन्हा खाली उतरते. ओट्याची फट बुजवायला एक पाटी सिमेंट लागते. या रविवारी चार जणांनी मिळून ते काम उरकावे.

हगवण आधी कुणाच्या दारात येते? जेथे बाळाच्या तोंडी बाटली, माठात हात, विहिरीला कठडा नाही, साबण फक्त पाहुण्यांपुरता, आणि आजारी लेकराचे पाणी तोडलेले, त्या दारात. यांतली बहुतेक दारे पैशाने नव्हे, सवयीने बंद होतात. पाऊस तोंडावर आला आहे. आज घरी गेल्यावर एवढेच करावे : माठाजवळ ओगराळे आहे का, मोरीजवळ साबण आहे का, आणि कपाटात ओआरएसच्या दोन पुड्या आहेत का, हे पाहावे. नसतील तर उद्याच आणाव्यात. रात्री दोन वाजता पोराला जुलाब सुरू झाले की दुकान उघडे नसते.